पोथी कोणाची?

पाडव्याला व्यापारी नव्या वह्या घालतो. जमेची बाजू, नावेची बाजू, आणि दोन्हींची वजाबाकी करून खाली एक आकडा. माणसाच्या आयुष्याचाही असा एक आकडा काढता येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. थोर माणूस म्हटला की पुण्य पापाहून अधिक भरले असेल, असे आपण धरून चालतो. मला ही समजूत मान्य नाही. जॉन एलियट नावाच्या एका धर्मोपदेशकाचे आयुष्य त्याला कारण आहे.

एलियट जन्माने इंग्रज. १६०४ साली जन्मला, १६३१ मध्ये अमेरिकेत बोस्टनला उतरला, आणि जवळच्या रॉक्सबरी गावी पाद्री झाला. त्या किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट, वांपानोआग अशा आदिवासी जमाती राहत. त्यांच्या बोली एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्यांना लिपी नव्हती. या लोकांना त्यांच्याच भाषेत बायबल द्यायचे, असे एलियटच्या मनाने घेतले. त्याला ही भाषा शिकवणारा पहिला गुरू कोण होता? कॉकेनो नावाचा एक तरुण. १६३७ च्या पेक्वॉट युद्धात इंग्रजांनी त्याला पकडले होते आणि तो एका वसाहतवाल्याच्या घरी चाकरी करीत होता. गुरू बंदिवान आणि शिष्य राज्यकर्त्यांपैकी, अशी ही शाळा.

१६४६ मध्ये एलियट आदिवासींना त्यांच्या भाषेत प्रवचने देऊ लागला. १६६१ मध्ये नवा करार छापून झाला आणि १६६३ मध्ये संपूर्ण बायबल. उत्तर अमेरिकेत छापलेले पहिले बायबल ते हेच. ते इंग्रजीत नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भाषांतराला जॉब नेसुटन या आदिवासी सहकाऱ्याचा हात लागला होता. छापखान्यात निपमक जमातीचा एक तरुण खिळे जुळवीत असे. त्याचे नावच पुढे जेम्स प्रिंटर पडले.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची पाहू.

बायबलाबरोबर एलियटने ख्रिस्ती झालेल्या आदिवासींसाठी निराळी गावे वसवली. १६७४ पर्यंत अशी चौदा गावे झाली. तेथे राहायचे तर इंग्रजांसारखे राहायचे. पुरुषांनी केस लांब ठेवले तर दंड, जुने विधी केले तर दंड. देवाचे शब्द त्यांच्या भाषेत आले, पण त्या भाषेत आजवर चाललेले त्यांचे देव आणि त्यांची रीत बाहेर घालवली गेली. १६७५ मध्ये वांपानोआगांचा नायक मेटाकॉम याच्याशी इंग्रजांचे युद्ध पेटले. तेव्हा इंग्रजांनी या ख्रिस्ती आदिवासींवरही विश्वास ठेवला नाही. ऑक्टोबरात त्यांना बोस्टनच्या बंदरातील डिअर बेटावर नेऊन ठेवले. तेथे थंडीने आणि उपासमारीने पुष्कळ माणसे मेली. एलियट गप्प बसला नाही. पकडलेल्या आदिवासींना गुलाम म्हणून विकू नये, असा अर्ज त्याने सरकारकडे केला. पण त्याचे ऐकले गेले नाही. बायबलाच्या पुष्कळ प्रती या युद्धात नाहीशा झाल्या. म्हाताऱ्या एलियटने पुन्हा कंबर बांधली आणि १६८५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. १६९० मध्ये तो वारला.

पुढची कथा त्याच्या कल्पनेबाहेरची आहे. लिहायला शिकलेल्या आदिवासींनी ती विद्या आपल्या कामाला लावली. जमिनीचे दस्त, मृत्युपत्रे, तक्रारअर्ज त्यांनी आपल्या भाषेत लिहिले. बायबलाच्या समासातही स्वतःच्या मनातले लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकात ही भाषा बोलणारे कोणी उरले नाही. मग १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड या वांपानोआग बाईंनी ती परत आणण्याचे काम हाती घेतले. त्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात भाषाशास्त्र शिकल्या आणि २००० मध्ये तेथली पदवी घेतली. शब्द आणि प्रत्यय गोळा करताना जुने दस्त कामी आले, तसेच एलियटचे बायबलही. पुढे मॅशपी गावी लहान मुलांसाठी त्या भाषेचे वर्ग सुरू झाले.

आपल्याकडेही विल्यम कॅरेने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८११ मध्ये मराठीत नवा करार आणला. तो उद्या नाहीसा झाला तरी मराठीचे अडणार नाही, कारण ज्ञानेश्वरीपासूनचे भांडार आपल्या घरात आहे. वांपानोआगांच्या घरी ते नव्हते. म्हणून त्यांना परक्याच्या पोथीत आपली आई शोधावी लागली.

कोणी म्हणेल, मग काय, शेवट गोड झाला. एलियटच्या खात्यावर शिल्लक निघाली. पण डिअर बेटावर थंडीने काकडून मेलेल्यांना या शिलकेचा काय उपयोग? दुसरा कोणी म्हणेल, धर्माच्या आडून केलेले ते राज्यविस्ताराचेच काम, पोथीसकट टाकून द्यावे. पण ज्यांचे पूर्वज मेले, त्यांच्याच लेकी तिची पाने उलटीत आहेत. मग टाका म्हणणारे आपण कोण?

मला वाटते, दोन्ही बाजू आपापल्या जागी राहू द्याव्यात, त्यांची वजाबाकी करू नये. आणि मग विचारावे, या पोथीत एलियटचे असे काय होते? शब्द कॉकेनोचे आणि नेसुटनचे. खिळे जुळवणारे हात प्रिंटरचे. हेतू मात्र एलियटचा, आणि तो काही त्याच्या मनासारखा तडीस गेला नाही. एवढे मात्र खरे, की दुसऱ्याची भाषा ऐकताना त्याने हयगय केली नाही. धर्म शिकवायला आलेला हा माणूस प्रत्यय, क्रियापदे, शब्दांची लांबच लांब रूपे कान देऊन ऐकत राहिला. ते त्याने ओबडधोबड उतरवले असते तर बेअर्डबाईंच्या हाती काही लागले नसते.

आपण ज्याला दान म्हणून मिरवतो ते पुष्कळदा दुसऱ्याने विश्वासाने, किंवा नाइलाजाने, आपल्यापाशी ठेवलेले असते. ती ठेव नीट जपणे एवढेच आपल्या हाती. तिचे काय करायचे, ते तिचे धनी पाहून घेतील. मग ते तीनशे वर्षांनी का येईनात.