खेळणे कोणासाठी?

आमच्या वाईला दिवाळीची पहिली वर्दी वारा देतो. पाचगणीच्या पठारावरून पसरणीच्या घाटाने तो खाली उतरतो, आणि कृष्णेच्या पायऱ्यांवर पाय गार पडू लागले की घरोघर ट्रंका उघडतात. यंदा आमच्या ट्रंकेच्या तळाशी तांबड्या लोकरीचा एक अर्धा गुंडा सापडला. तो हातात घेऊन मी उभी होते, तेवढ्यात माझी मुलगी साताऱ्याहून सुट्टीला आली. तिच्या ओढणीत दोन महिन्यांचे मांजराचे पिल्लू होते आणि पिशवीत त्याच्यासाठी विकत घेतलेली खेळणी.

“आई, यातलं हिला काय द्यायचं ते तू ठरव,” ती म्हणाली. “तू बालवाडीतली बाई. खेळण्यांतलं तुला कळतं.”

एरवी अशा वाक्याने मी सुखावले असते. त्या दिवशी मात्र मी लोकरीचा गुंडा पदराआड केला.

त्याचे कारण पंधरा वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा आमच्याकडे मनी नावाचे असेच एक पिल्लू होते. मी स्वेटर विणीत असे आणि ते गुंड्यामागे धावे. मांजराचे पिल्लू आणि लोकरीचा गुंडा ही जोडी कॅलेंडरावर आपण इतकी वेळा पाहिलेली असते की, ती देवानेच जमवली असावी असे वाटते. मी कौतुकाने गुंडा त्याच्याकडे लोटीत असे आणि पाच वर्षांची मुलगी टाळ्या पिटीत असे. एक दिवस मनीने खाणे सोडले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तिच्या शेपटीखाली तांबड्या धाग्याचे टोक दिसले, आणि मी ते ओढले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

गुरांच्या डॉक्टरांनी नंतर मला समजावून सांगितले. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. धागा एकदा त्यांत अडकला की त्याला तो थुंकून टाकता येत नाही, गिळावाच लागतो. मग एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकते आणि उरलेला धागा आतड्यांत उतरतो. नाडी ओढली की परकराला चुण्या पडतात, तशा आतड्याला चुण्या पडतात, आणि ताणलेला धागा आतडे कापतो. म्हणून टोक दिसले तरी ते ओढायचे नसते. पिल्लू तसेच उचलून दवाखान्यात न्यायचे असते.

आमचे गाव विश्वकोशाचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो ह्याच गावात सिद्ध होऊन. एवढे ज्ञान हाकेच्या अंतरावर, आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मला एका धाग्याचे ज्ञान नव्हते! पण पुढे विचार करता मला वाटू लागले की, माझी चूक निव्वळ अज्ञानाची नव्हती. त्या गुंड्याची निवड मी मनीसाठी केलीच नव्हती. ते चित्र मला आवडत होते. खेळत होती ती. खेळणे मात्र माझे होते.

खेळण्यांविषयी खरा प्रश्न आहे तो हा. ते कोणासाठी निवडायचे? ‘खेळणाऱ्यासाठी’ असे उत्तर आपण पटकन देतो. पण दुकानात गेल्यावर रंग आपल्या डोळ्यांना भावतात आणि घुंगरू आपल्या कानांना. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांनी महागड्या परदेशी साधनांवर भिस्त ठेवली नाही. शंखशिंपले, खडे, पाने, बिया यांतून त्यांनी साधने घडवली. कारण त्या परिसरातल्या मुलांचे हात कशाकडे वळतात, हे त्यांनी आधी पाहिले होते. आधी पाहावे आणि मग द्यावे, एवढेच बालवाडीतल्या बाईचे शास्त्र आहे. मी ते शाळेत पाळीत होते आणि घरी विसरले होते.

मुलांच्या खेळण्यांवर आता सरकारची नजर असते. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. खूण सक्तीची झाली. ह्या नियमात मांजराचे पिल्लू बसत नाही. त्याला तक्रार करता येत नाही आणि डबीवरची सूचना वाचता येत नाही. त्याच्या वतीने वाचायचे आपणच.

कोणी म्हणेल, “अहो, आमच्या आजीच्या घरी मांजरे होती, त्यांना कोणी खेळणी आणली होती?” खरे आहे. पण आजीच्या माळ्यावर उंदीर होते. मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम: दबा धरणे, झेप घेणे, पकडणे, मागच्या पायांनी लाथाडणे. बंद दाराच्या घरात आणून आपण त्याची शिकार काढून घेतली. तेव्हा खेळणे ही आपण त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, ते आपण त्याचे लागत असलेले देणे आहे.

ह्या हिशेबाने मी मुलीची पिशवी उघडली. एका काठीला दोरीने पिसे बांधली होती. ती ठेवली, पण आपण समोर असतानाच खेळवायची आणि मग कपाटात टाकायची. कापडी उंदराचे मण्यांचे डोळे आणि दोऱ्याची शेपटी कापून काढली. एक लेसरची बॅटरी होती. तिचा तांबडा ठिपका भिंतीवर नाचला की पिल्लू वेडे होते आणि बघणारे पोट धरून हसतात. मला ती परत करावीशी वाटली. त्या तेजाने डोळ्यांना धोका असतो, हे एक. दुसरे असे की, तो ठिपका कधीच पंजात येत नाही. ज्याला शिकार करायची आहे त्याला कधीच न सापडणारी शिकार देणे ही थट्टा झाली. खेळात अधूनमधून जिंकता आले पाहिजे, हे मुलांइतकेच मांजरालाही लागू आहे.

सर्वांत वाईट खेळणे मात्र फुकट मिळते. ते म्हणजे आपला हात. पिल्लू बोटे चावते तेव्हा आपण हसतो, आणि तेच मांजर मोठे होऊन चावले की झाडू उगारतो. बोबड्या मुलाच्या तोंडी शिवी आली की कौतुक, आणि ते मूल शाळेत जाऊ लागले की त्याच शिवीला चपराक, ही आपली जुनीच रीत. आपण शिकवलेल्या गोष्टीची शिक्षा शिकणाऱ्याला देण्यासारखा अन्याय नाही.

शेवटी पिल्लाला सर्वांत आवडले ते रिकामे खोके, वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा आणि चिंध्या भरून शिवलेला मोजा. तोंडात मावणार नाही एवढा एक पिंगपाँगचा चेंडूही मी त्यांत टाकला.

रात्री मुलगी आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवत होती. मी पदराआडचा गुंडा काढून तिच्यासमोर ठेवला. मनी कुठे गेली असे तिने लहानपणी विचारले, तेव्हा मी सांगितले होते की, ती वाघाची मावशी. भाच्याकडे घाटात राहायला गेली. कित्येक महिने पसरणीच्या घाटातून जाताना ती बसच्या खिडकीतून हाका मारी. त्या रात्री मी तिला खरे काय ते सांगितले. ते खोटेही मी तिच्यासाठी निवडले असे मला वाटत आले होते. खरे पाहता तेही माझ्याच सोयीचे होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, पिसांची काठी कपाटात ठेवून तिने कडी लावली आणि कंदिलाच्या झिरमिळ्या हाताने मोजून वीतभर कापल्या.

“एवढ्या उंच उडी मारता येणार नाही ना गं तिला?” तिने विचारले.

मी स्टूल आणले, आणि आम्ही दोघींनी कंदील आणखी वर बांधला.