संमती आणि घासाघीस

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत वाचकांपैकी पुष्कळांस ऐकून तरी ठाऊक असेल. तीत लपवाछपवी होती, दलालाची लबाडीही चाले. परंतु रुमालाखाली हात दोन असत. आज सॉफ्टवेअरच्या सेवा, म्हणजे पत्रांची ने-आण, हिशेब, कागदपत्रांची साठवण, आपण ज्या रीतीने पत्करतो तीत दुसरा हात कोठे आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

नवल हे की, यंत्रांच्या आपसांतील सौद्याचा आराखडा शास्त्रज्ञांनी फार विचारपूर्वक आखला आहे. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेल्या ‘काँट्रॅक्ट नेट’ पद्धतीत एक यंत्र काम जाहीर करते, इतर यंत्रे बोली कळवितात आणि पहिले त्यांतून निवड करते. ज्यास काम नको, त्याने खुशाल गप्प राहावे. पुढे २००७ मध्ये ‘ओपन ग्रिड फोरम’ने अशा करारांचा नमुना प्रसिद्ध केला. त्यात मात्र एकाने ठराविक साच्याबरहुकूम प्रस्ताव द्यावा व दुसऱ्याने तो घ्यावा किंवा नाकारावा, एवढेच होते; फिरून उलट प्रस्ताव करण्याची सोय २०११ मध्ये निराळ्या पुरवणीने करावी लागली. करार आधी, बोलणे मागाहून!

मनुष्याच्या वाट्यास तेही नाही. त्याने ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकावयाचे. १८७२ चा आपला करार-कायदा म्हणतो की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. न वाचलेल्या मजकुराचा अर्थ कोणता समजावा? ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील’ हे वचन भारदस्त वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे बंद, असा होतो. ती मिनिटे अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री आली, तर नुकसान कोणाचे, हे साच्यात एकट्यानेच लिहून ठेविलेले असते.

यावर कोणी म्हणेल, आगगाडीच्या तिकिटासाठी तरी कोण घासाघीस करतो? लाखो गिऱ्हाइकांशी निरनिराळे बोलणे अशक्यच आहे. हे आम्हांस मान्य आहे. परंतु गाडी सुटल्यावर तिकिटाच्या अटी बदलत नाहीत. येथे त्या बदलण्याचा हक्क बहुधा सेवा देणारा राखून ठेवितो, आणि नव्या अटी न पटून निघून जावे म्हटले, तर आपली दहा वर्षांची पत्रे व छायाचित्रे त्याच्याच कोठारात पडलेली असतात.