अडीच फुटाची चाकं

पांढरकवड्याच्या एसटी स्टँडाजवळ एका तरुण पोराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. छोटासा गाळा, काचेच्या कपाटात कव्हरं आणि चार्जर, टेबलावर भिंगाचा दिवा आणि बारीक स्क्रूंनी भरलेल्या डब्या. सगळे त्याला बाबू म्हणत. हात चांगला होता. पाण्यात पडलेला असो की काच फुटलेला, सकाळी दिलेला फोन संध्याकाळी चालू होऊन मिळायचा. म्हणून केळापूरपासून झरी-जामणीपर्यंतची आणि तिकडे पाटणबोरीची माणसं फोन बिघडला की त्याच्याकडेच येत.

दुकानाबाहेरच्या बाकावर रोज दुपारी एक काकाजी येऊन बसत. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीवर त्यांची सारी नोकरी झालेली. 1994 पर्यंत त्या गाडीला वाफेचं इंजिन होतं आणि त्या इंजिनात काकाजींनी कोळसा ओढला होता. पुढे डिझेल आलं, मग गाडीच थांबली. काकाजी लेकाकडे पांढरकवड्याला राहायला आले. दुकानात बसून पेपर वाचायचे, चहा घ्यायचे आणि न विचारता सल्ला द्यायचे नाहीत.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी झरीकडची एक आजी दुकानात आली. कापडी पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेला घडीचा फोन काढला. काळा, जाडसर, मोठ्या बटणांचा.

"बाबू, हा लावून दे बरं. लेकानं अमेरिकेतून धाडला. माहा जुना फोन वावरात पडला, त्याच्यावरून ट्रॅक्टरच गेला. मले बारीक आकडे दिसत नाई म्हनून त्यानं मोठ्या बटनाचा पाहून घेतला."

जुन्या फोनमधलं बीएसएनएलचं सिम तिनं पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. बाबूनं ते पुसून नव्या फोनात घातलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: अनलॉक कोड टाका.

"माय, फोन कुलूपबंद हाय. तिकडल्या कंपनीचंच सिम चालते याच्यात."

आजीला ते नवीन नव्हतं. तिच्या सुनेच्या माहेरी जिओफोन होता. 2017 साली तो निघाला तेव्हा 1500 रुपये अनामत भरून मिळायचा आणि त्यात जिओचंच सिम चालायचं. त्याच्याही आधी, 2003 साली, रिलायन्सनं 501 रुपयांत फोन हातात दिले तेव्हा तर त्या फोनांत सिम घालायला जागाच नव्हती. नंबर फोनातच बसवलेला. स्वस्तात हाती आलेला फोन कंपनीच्या खुंट्याला बांधलेला असतो, हे गावोगाव ठाऊक होतं.

"मंग कुलूप निंघत नाई काय?"

"निंघते ना. नऊशे रुपये लागन. कोड मागवा लागते."

बाबूनं त्या फोनवर चांदणी, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. पंधरा आकडी आयएमईआय आला. तो त्यानं वहीत उतरवला. तेवढ्यावर कोड मिळतो, कारण कुलूप असतं ते याच फोनाचं. आत एक छोटीशी नोंद असते. सिम घातलं की फोन त्याला त्याचं गाव विचारतो. प्रत्येक सिमवर देशाचा आणि कंपनीचा आकडा कोरलेला असतो. भारताची सिमं 404 किंवा 405 नं सुरू होतात. नोंदीतला आकडा जुळला तर दार उघडतं, नाही तर कोड मागतं. अमेरिकेत 2014 साली ग्राहकाला असं कुलूप काढून घेता यावं म्हणून कायदाच झाला. पण आजीच्या लेकानं तिथल्या कंपनीला न विचारता फोन धाडून दिला होता.

चार दिवसांनी आजी परत आली. बाबूनं तिच्यासमोर कोडचा एकेक आकडा दाबला. पडद्यावर अक्षरं आली: नेटवर्क अनलॉक झालं.

"झालं माय, मोकळा झाला तुमचा फोन."

आजीनं पदराची गाठ सोडली. दहा-वीसच्या, पन्नासच्या, घामानं मऊ पडलेल्या नोटा मोजून नऊशे रुपये दिले. वेचणीची मजुरी होती ती.

पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या दांड्या असतात तिथं एक फुली होती. बाबूला ती दिसली. क्षणभर त्याचा हात थबकला. मग तो म्हणाला, "सिम नवीन फोनात बसाले येळ लागते. घरी गेल्यावर येईन रेंज."

आजी "बरं" म्हणाली आणि गेली. काकाजींनी पेपरातून डोकं वर काढलं, फुलीकडे पाहिलं नाही, पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर वर धरला.

दोन रविवार गेले. सोमवारी दुपारी आजी पुन्हा दारात उभी. तिकिटाचा चिटोरा अजून मुठीत होता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून ती एकटी इतक्या लांब यायची. ती रागावली नाही. फोन काढून टेबलावर ठेवला.

"बाबू, कुलूप त तू उघडलं, म्या माह्या डोयानं पाह्यलं. पन लेकाचा आवाज काही आला नाई. आमच्या बांधावरच्या मोहाखाली रेंज येते. तिकडं शनिवारची रात असते तवा माहा लेक इकडं रविवारी सकाळी फोन करते. दोन रविवार मोहाखाली बसून आली. वेचनारनी म्हने, आजी, चाल वं, ऊन चढलं. म्या म्हटलं, थांब, येईनच."

बाबू खाली मान घालून म्हणाला, "माय, माहं काम कुलूप काढाचं होतं. ते झालं ना? रेंज येनं न येनं टॉवरची गोष्ट हाय."

काकाजींनी पेपरची घडी केली.

"बाबू, एक इचारू? ही माय तुह्या दुकानात कुलूप उघडाले आल्ती, का लेकाशी बोलाले?"

बाबू काही बोलला नाही.

काकाजी आजीला म्हणाले, "बसा बाई," आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. मग पोराकडे वळले.

"आमची शकुंतला पाह्यली होती का तू? रूळ अडीच फुटाचे. यवतमाळात कापसाच्या गाठी भरून आमी मूर्तिजापूरला न्यायचो. तिथून पुढं मुंबईचा रस्ता मोठ्या लाइनीचा, रूळ साडेपाच फुटाचे. आता सांग, आमच्या गाडीचा डबा सोडवाले किती येळ लागते? कडी काढली का डबा मोकया. पन मोकया झाला म्हनून तो मुंबईले गेला काय? चाकं अडीच फुटाची, रूळ साडेपाच फुटाचे. एकेक गाठ हमालाच्या पाठीवरून उतरवायची अन् मोठ्या डब्यात चढवायची. कडी काढनारा जर म्हनन, माहं काम झालं, तर कापूस फलाटावरच भिजन ना?"

बाबूनं फोन उचलला. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, तिच्याखालचा मॉडेल नंबर भिंगाखाली वाचला. कुलूप काढण्याआधी हे करायचं असतं, ते त्यानं आता केलं. तो नंबर आपल्या फोनात शोधला. आजीचा फोन कोणकोणत्या लहरींवर चालतो याची यादी पडद्यावर आली: 4जीचे पट्टे 2, 4, 5 आणि 13. बास. 2जी नाही, 3जी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 साली 3जी बंद करून टाकलं, त्यामुळे तिथला साधा बटणांचा फोनही 4जीवरच बोलतो.

आजीच्या गावचा टॉवर बीएसएनएलचा. 2जी चालतं ते 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर, 4जी चालतं 700 आणि 2100 वर. त्या 4जीच्या पट्ट्यांचे क्रमांक 28 आणि 1. फोनाच्या यादीतला पाच नंबरचा पट्टा आपल्याकडे काही कंपन्या वापरतात, पण आजीच्या मोहाखाली त्यांचा टॉवरच पोचत नव्हता. फोनाचं दार सताड उघडं होतं आणि दारासमोर रस्ता नव्हता.

आपल्या सगळ्यांची इथंच गल्लत होते. जानेवारी 2011 मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली. 1900 वर संदेश पाठवून कोड मिळवायचा, तो नव्या कंपनीला द्यायचा, की नंबर तोच राहून सेवा दुसऱ्याची. तेव्हापासून आपल्याला वाटू लागलं की मोबाइलमधलं काहीही कुठेही नेता येतं. नंबर हा नोंदवहीतला आकडा आहे, तो एका वहीतून दुसरीत उतरवता येतो. कुलूप हीसुद्धा एक नोंदच, ती पुसता येते. पण फोनाचा अँटेना आणि त्याच्या आतले सुटे भाग कारखान्यात ज्या लहरींसाठी बसवले, त्यांच्यासाठीच बसवलेले असतात. ती चाकं आहेत. ती कोडनं रुंद होत नाहीत.

बाबूनं गल्ल्यातून नऊशे रुपये काढून आजीसमोर ठेवले.

"माय, त्या दिवशी पडद्यावर फुली होती. मले दिसली होती. म्या सांग्तलं नाई."

"मंग काहून नाई सांगलं बाबू?"

त्याच्याकडे उत्तर होतं, ते त्यानं खरं दिलं. "सांग्तलं असतं त पैसे परत द्या लागले असते. कोडचे माहे पाचशे गेलते."

आजीनं नोटांकडे पाहिलं. त्यातल्या पाचशे रुपये भरतील एवढ्या नोटा तिनं पुन्हा त्याच्याकडे सारल्या. "तुहा खर्च झाला तो झाला. चारशे दे."

"नाई माय. कोड मागवायच्या आधी मॉडेल पाहाचं काम माहं होतं."

त्यानं कपाटातून साधा बटणांचा फोन काढला, 900 आणि 1800 वर चालणारा. त्याच्या खोक्यावर किंमत तेराशे होती. दुकानदारीतली त्याला पडलेली किंमत अकराशे. आजीनं परत मिळालेल्या नऊशेत दोनशे घालून फोन घेतला. बटणं अमेरिकेतल्या फोनाएवढी मोठी नव्हती. बाबूनं अक्षरं मोठी करून दिली, आणि दोन नंबरच्या बटणावर लेकाचा नंबर बसवला. त्या बटणावर त्यानं नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला, म्हणजे बोटाला जागा सापडावी. पडद्यावर चारही दांड्या आल्या.

आजी उठली. बाबूही उठला. आपला फोन त्यानं काकाजींच्या हातात दिला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"कुठं चालला बे?"

"मोहाखाली. इथं रेंज येते म्हनून तिथं येईन, हे मले कसं ठाव?"

एसटीत आजीचं अर्धं तिकीट, बाबूचं पूर्ण. गावाच्या फाट्यावर उतरून दोघं पऱ्हाटीच्या तासातून बांधाकडे चालत गेली. बोंडं फुटलेली होती, वेचणाऱ्या बायांच्या पाठीवरचे झोळे भरून आले होते. मोहाखाली एक दगड होता, वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालेला. आजी त्यावर बसली. पडद्यावर दोन दांड्या आल्या, मग एक झाली, मग पुन्हा दोन.

अमेरिकेत तेव्हा रात्र असणार, म्हणून बाबूनं स्वतःच्याच नंबरावर फोन लावला. घंटी वाजली. पलीकडून काकाजींचा आवाज आला, खणखणीत, जसा इंजिनाच्या आवाजावरून बोलायची सवय असलेल्या माणसाचा येतो.

"हालो! कोन बोलते?"

आजीनं फोन कानाला लावला. "मी बोलतो काकाजी. मोहाखालून."

ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. बाबू दुसरीकडे पाहत उभा राहिला.

परत जाताना बाबूनं तिच्या हातात एक कागद दिला. लेकाला वाचून दाखवायचा होता. त्यावर लिहिलं होतं: पुढचा फोन घेण्याआधी तिथल्या कंपनीकडूनच कुलूप काढून घ्या, आणि यादीत 2जीचे 900 व 1800 आहेत का, 4जीचे 1 आणि 28 नंबरचे पट्टे आहेत का ते पाहा, ते नसतील तर फोन कितीही चांगला असला तरी इथं मुका.

रविवारी सकाळी बाबू अंथरुणातच होता. फोन वाजला.

"बाबू, बोलला माहा लेक. लय येळ बोलला. तुह्या कागदाचं बी सांग्तलं त्याले. तो म्हने, आई, माह्याकून चूक झाली. म्या म्हटलं, चूक कोनाची बी असो, आता आवाज येऊन राह्यला ना, बोल."

त्या दिवसापासून बाबूच्या दुकानात फोन आला की तो भिंगाचा दिवा लावण्याआधी तीन गोष्टी विचारतो. गाव कोणतं? तिथं टॉवर कोणाचा? आणि फोनवर बोलायचं कोणाशी? गिऱ्हाइकाला तिसऱ्या प्रश्नाचं नवल वाटतं. काकाजींना वाटत नाही.

तात्पर्य: आपल्याकडे माणूस काम घेऊन येतो तेव्हा त्याच्या तोंडी कुलपाचं नाव असतं, पण तो आलेला असतो वाटेसाठी. कुलूप उघडून पैसे घेणारा कारागीर होतो. त्या माणसाच्या वाटेवर आवाज पोचला का, हे जाऊन पाहणारा त्याचा माणूस होतो.