लायब्निझची घड्याळे आणि डीजेचे बोट

मन आणि शरीर एकमेकांशी इतके जुळवून कसे वागतात, हे सांगताना लायब्निझ या जर्मन तत्त्ववेत्त्याने १६९६ मध्ये दोन घड्याळांचा दाखला दिला. दोन घड्याळे कायम एकच वेळ दाखवत असतील, तर कारणे तीनच संभवतात: एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत असेल, कोणी कारागीर शेजारी उभा राहून ती सतत जुळवत असेल, किंवा ती मुळातच इतकी अचूक घडवली असतील की पुन्हा हात लावायला नको. लायब्निझने तिसरे कारण मानले. ईश्वराने सगळे आधीच जुळवून ठेवले आहे. दुसरे त्याला पटेना. नित्याच्या व्यवहारासाठी देवाला दर वेळी रंगमंचावर उतरवायचे कशाला? मला मात्र त्याने नाकारलेला हा कारागीरच खरा वाटतो, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला डीजेला बोलवावेसे वाटते. (आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतली कर्ण्यांची भिंत, इथे अभिप्रेत आहे तो दोन तबकड्यांमागे उभा असलेला माणूस.)

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास, जुन्या चर्चच्या इमारतीतल्या ‘सँक्च्युअरी’ क्लबात फ्रान्सिस ग्रासो चालू गाणे संपण्याआधीच पुढचे त्याच्या ठेक्यावर आणून बसवत असे. एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२१ चे असेल, तर अर्ध्या मिनिटात एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडतो आणि नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते. शिवाय त्या काळी ड्रमवर माणूस बसलेला असे; त्याची लय गाण्याच्या ओघात किंचित चढे, किंचित उतरे. त्यामुळे एकदा जुळवले आणि झाले, असे नव्हतेच. बोट तबकडीच्या कडेशी तयारच ठेवावे लागे. पुढे १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वर गती आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. पण तबकडीवर गती आणि सूर एकाच दोरीने बांधलेले. १२० ठोक्यांचे गाणे १२७ वर नेले, तर पांढरी एकमधले गाणे जवळपास काळी एकला जाऊन पोचते. लय मिळवावी तर पट्टी सुटते.

इथे लायब्निझचा पक्ष घेणारा म्हणेल, की कोणत्या पट्ट्या जुळतात हे तरी निसर्गानेच ठरवले आहे. आक्षेप वजनदार आहे. डीजे वापरतात त्या ‘कॅमलॉट’ चक्रात पट्ट्यांना एक ते बारा क्रमांक आहेत आणि शेजारचे क्रमांक एकमेकांत मिसळतात, कारण त्यांच्यात षड्ज-पंचमाचे नाते असते. भरताचे नाट्यशास्त्रही नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरच्या स्वरांना संवादी म्हणते, म्हणजे मध्यम आणि पंचम. इतक्या दूरच्या दोन परंपरा एकाच नात्यापाशी येतात, तेव्हा तो निव्वळ संकेत नसतो. पण शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढून पाहा. सात सप्तके वर गेल्यावर मूळ स्वर सापडायला हवा; आपण त्याच्या थोडे पुढे गेलेले असतो, अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाव भागाइतके. प्रत्येक पंचम केसभर खाली उतरवला, तरच वर्तुळ मिटते. निसर्ग नाते देतो. वर्तुळ कोणाला तरी मिटवावे लागते.

दुसरा आक्षेप यंत्राचा. आता सिंकचे बटण दाबले की ठोके जुळतात, आणि सूर न हलवता गतीही बदलता येते. मग कारागीर उरला कुठे? यंत्राने श्रम वाचवले हे खरे, पण ठोक्यांची जी जाळी यंत्र गाण्यावर बसवते ती माणसाच्या हातच्या जुन्या गाण्यावर सरकते. ती पुन्हा हातानेच बसवावी लागते. लायब्निझचा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: दोन्ही घड्याळे एकाच कारागिराने घडवलेली आहेत. दोन गाण्यांचे तसे नसते. शिकागोत कोणी एक केले, बर्लिनमध्ये कोणी दुसरे. एकाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. त्यांचा मेळ आधी ठरवायला कोणी नव्हतेच, आणि माणसामाणसांतल्या मेळाचीही बहुधा हीच स्थिती आहे. आजच्या यंत्रांवर सिंकचे बटण असते. त्याच्याच शेजारी गती हाताने बदलायची सरकपट्टी असते आणि कडेला बोट लावून गाणे किंचित पुढेमागे ढकलायचे चाकही.