मतपेटी म्हणजे न्यायालय नव्हे

चौकशीच्या फेऱ्यात सापडलेल्या पुढाऱ्याने कायद्याने दिलेला प्रत्येक बचाव वापरावा का? जरूर वापरावा. घटनेच्या 20व्या कलमानुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हा हक्क गरीब आरोपीचा असेल, तर पुढाऱ्याचाही आहे. बॅ. अंतुले यांच्यावरील खटला 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. अंतुले त्याविरुद्ध लढले. 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केले की, तो आदेशच चुकीचा होता. तेव्हा तांत्रिक हरकत म्हणजे लबाडीच, असे समजू नये.

खरा प्रश्न न्यायालयाबाहेर उभा राहतो. उल्हासनगरात 1990 साली घनश्याम भतिजा यांच्या पाठोपाठ त्यांचे भाऊ इंदर यांचा खून झाला. त्याच वर्षी पप्पू कलानी आमदार झाले. पुढे ते टाडाखाली तुरुंगात गेले आणि 1995 व 1999च्या निवडणुका त्यांनी तुरुंगातूनच जिंकल्या. इंदर यांच्या खुनाबद्दल कल्याणच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली, ती डिसेंबर 2013मध्ये. मधे 23 वर्षे गेली! हा सारा उशीर एकट्या आरोपीच्या माथी मारता येणार नाही. निकालाविना वर्षानुवर्षे कोठडीत राहणे, हा त्याच्यावरही जुलूमच. पण इन्साफाची वाट मृताचे घरही पाहत होते.

आपल्या कायद्यात तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. गुन्हा शाबीत झालेला नसतो, म्हणून हे ठीकच. मात्र जिंकल्याने तो निर्दोष ठरतो का? मतदाराने ना साक्षीदार ऐकलेले असतात, ना उलटतपासणी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा माणूस नळाचे पाणी, रस्ता, अनधिकृत इमारतीतले आपले घर यांचा विचार करून मत देतो. त्या मताला निर्दोषत्वाचा दाखला म्हणणे, ही मतदाराचीच फसवणूक आहे.

खटले खोटेही भरले जातात, म्हणून आरोप होताच पद सोडण्याची सक्ती कायद्याने करू नये. जिथे सक्ती नाही, तिथेच माणसाच्या नीतीची परीक्षा असते. सामान्य आरोपीने तारखा मागितल्या, तर ती त्याची खाजगी बाब. पुढारी मात्र लोकांचा विश्वास मागत असतो. ‘माझा खटला रोज चालवा’ असा अर्ज त्याने आधी स्वतः न्यायालयात द्यावा आणि मग लोकांच्या दारात मत मागायला जावे.