बाबा भेटायला येतात तो दिवस



नोहाचे इंद्रधनुष्य आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उत्पत्तीच्या त्याच ९ व्या अध्यायाचा शेवट मात्र रविवारच्या मिस्सेत वाचला जात नाही. नोहाने द्राक्षमळा लावला, तो द्राक्षारस प्याला आणि तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले व बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले आणि बापाकडे न पाहता त्याला झाकले.

ते मुलगे मोठे होते. सात वर्षांच्या लेकराने कोणते वस्त्र उचलावे?

दारूपायी वेगळे राहणारी कुटुंबे आपल्याही चर्चमध्ये येतात. काही बहिणी विचारतात, "फादर, वेगळी राहिले हे पाप झाले का?" ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ११५३ स्पष्ट आहे: जोडीदारामुळे आपल्याला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास योग्य कारण आहे. विवाहाचे बंधन मात्र कायम राहते. पुढचेच कलम मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तजवीज करायला सांगते.

खरे भांडण त्यानंतर सुरू होते. आई म्हणते, पोटगी दिली नाही तर भेट नाही. बाप म्हणतो, माझे रक्त आहे, मी केव्हाही येईन. दोघांनीही लेकराला चलनी नोट करून टाकले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात विभक्त आईवडिलांना कळकळीने विनवले होते की मुलांना ओलीस धरू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात म्हटले की दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क आहे. मुलाचा हक्क, हे आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो.

म्हणून पोटगी थकली तरी शुद्धीवर आलेल्या बापाला लेकरू भेटू द्यावे. पोटगीसाठी वेगळा अर्ज करता येतो. आणि पिऊन आलेल्या बापाच्या गाडीवर लेकराला कधीही बसवू नये, मग तो कितीही रडो. त्या दिवसापुरते नाही म्हणणे म्हणजे कायमचे तोडणे नव्हे. भेटीच्या वेळा न्यायालयाने ठरवल्या असतील, तर त्या मनाने बदलू नका. कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून जागा, वेळ आणि सोबत कोण असेल हे लिहून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलाला अपाय होणार असेल, तर दंडाधिकारी भेट नाकारूही शकतात.

आणखी एक. लेकरू परतल्याबरोबर "बाबांच्या तोंडाला वास येत होता का?" असे विचारू नका. आपणच त्याला हाम बनवतो. भीती वाटली तर त्याने आपणहून सांगावे, एवढा विश्वास त्याला द्या. बाबा आजारी आहेत, आणि तो आजार तुझ्यामुळे नाही, हे त्याला सांगायला हवे. मुले दोष स्वतःकडे घेतात; हे आम्ही फार वेळा पाहिले आहे.

बापांनो, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जायला लाज वाटत असेल, तर पहिल्या दिवशी आम्ही सोबत येऊ.

कोणाच्या घरी भेट घ्यायची यावरून ज्यांचे अडले आहे, त्यांच्यासाठी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चचे आवार तासभर उघडे असते. झाडाखाली बाक आहेत. आम्ही किंवा एखादी सिस्टर जवळपास असू, कान देऊन ऐकणार नाही. आधी फक्त निरोप ठेवा.