वहिनी, तुम्हीही बसा ना!

मराठी माणसाच्या तोंडी काही वाक्यं अशी असतात, की ती खरी झाली तर सर्वांत जास्त पंचाईत बोलणाऱ्याचीच होते. 'एकदा सवडीनं घरी या' हे त्यातलं पहिलं. 'पैशांचं काय, द्या सावकाश' हे दुसरं. आणि गरम पोळीचा पहिला घास मोडता मोडता स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणायचं, 'वहिनी, तुम्हीही बसा ना!' हे तिसरं. वहिनी बसणार नाहीत याची पक्की खात्री असते, म्हणून तर हा आग्रह इतका मनापासून होतो.

आमच्या बीडला पाहुणा बहुधा एस.टी.नं येतो आणि न कळवता येतो. 'अतिथी' या शब्दाची फोड आपल्याकडे अशीच सांगतात : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो. या व्याख्येत न बसणारी एकच पाहुणी आमच्या गावानं पाहिली, ती म्हणजे रेल्वे. 'येते, येते' असं कित्येक दशकं सांगून ती अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून आली. तोवर तिच्यासाठी मांडलेल्या पाटावरून दोन पिढ्या उठून गेल्या होत्या.

तर अशा बिनतिथीच्या पाहुण्याला आमच्याकडे पिठलं-भाकरी. लसूण-मिरचीची फोडणी, वर पाणी, पाण्याला उकळी आली की बेसन. अर्ध्या तासात पान तयार. पाहुणा खूश आणि घरातली बाईही हसतमुख. पण तोच माणूस आमंत्रण देऊन बोलावला, की घराचं रूप पालटतं. पुरण शिजतं, वाटलं जातं, कटाची आमटी उकळते, भजी-कुरडया तळल्या जातात आणि रात्री आवराआवर झाल्यावर हिच्या पाठीला शेक द्यावा लागतो. म्हणजे ज्याला बोलावलं नाही त्याला आम्ही आमचा आनंद देतो आणि ज्याला मानानं बोलावलं त्याला आमचा थकवा वाढतो. यात काहीतरी चुकतंय, हे मला बरीच वर्षं जाणवत होतं. पण नुसतं जाणवायला कष्ट पडत नाहीत, आणि पाठ काही माझी दुखत नव्हती.

गेल्या सीताफळाच्या दिवसांत मुलगा आणि सून घरी आली. मुलगा नोकरीनिमित्त काही महिने स्वित्झर्लंडला राहून आलेला. तो म्हणाला, "बाबा, शनिवारी तुमच्या मित्रांना सहकुटुंब जेवायला बोलवा. आई काहीही करणार नाही."

बेत असा होता : चीज वितळवून भांडं टेबलाच्या मधोमध छोट्या शेगडीवर ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून, काट्याला पावाचा तुकडा टोचून, त्यात बुडवून खायचा. याला 'फॉन्ड्यू' म्हणतात. तिकडे चीज पांढऱ्या वाइनमध्ये वितळवतात. आम्ही दुधावर आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवरवर भागवायचं ठरवलं. हा म्हणे त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. पुढे कळलं, की त्याला राष्ट्रीय करण्यात तिथल्या चीज-संघाचा मोठा हात. १९३० च्या दशकात त्यांना चीज खपवायचं होतं. राष्ट्रीयत्वाचा उगम असा गोदामात सापडला की बरं वाटतं. जग सगळीकडे सारखंच आहे.

मी विरोध केला. "पाहुण्यांना पावाचे तुकडे? गावात तोंड कसं दाखवू?" पण सुनेपुढे काही चालेना. निदान चीज तरी मी आणतो म्हणून गेलो आणि अर्धा किलो पनीर घेऊन आलो. मला वाटलं, जात एकच. सुनेनं समजावलं, "बाबा, आंबट घालून फाडलेल्या दुधाचं पनीर वितळत नाही. कितीही तापवा, ते सुकतं आणि कडक होतं." मी गप्प बसलो. दिवसभर मी तेच तर करत होतो.

शनिवारी तीन मित्र आणि तीन वहिनी आल्या. टेबलाभोवती सगळी बसली. हीसुद्धा बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर. कुकरची शिट्टी होताच उठायच्या बेतानं. शिट्टी झालीच नाही. मग हळूहळू ती मागे सरकली आणि चक्क टेकली.

पहिली पाच मिनिटं अवघड गेली. वाढणारं कोणीच नसल्यामुळे आग्रह कोणी कोणाला करायचा ते कळेना. मग एका मित्राचा पाव भांड्यात पडला. पाव पाडणाऱ्याला दंड, हा तिकडचाच रिवाज. पुढचं जेवण त्यांच्या घरी, असं एकमतानं ठरलं. दुसऱ्या मित्रानं बांबूच्या काडीचा नाद सोडून ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा हातानंच बुडवला आणि जाहीर केलं, "अहो, हे तर पिठलंच की!"

गोडाला सीताफळ रबडी. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं सीताफळ. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सकाळी दूध आटवून गार करून ठेवलेलं. त्यात गर फक्त कालवायचा, कारण शिजवला तर तो कडवट होतो. कष्टाचं काम एकच, बिया काढणं. सुनेनं प्रत्येकापुढे एक वाटी आणि दोन सीताफळं ठेवली. तीन निवृत्त पुरुष निमूटपणे बिया काढू लागले. माझ्या वाटीत गरापेक्षा बियाच अधिक होत्या.

हात गुंतलेले असले की माणसं खरं बोलतात. ही सांगू लागली. अंबाजोगाईला कॉलेजात असताना तिनं नाटकात काम केलं होतं. ऐन प्रयोगात नायक वाक्य विसरला, तर हिनं त्याचीही वाक्यं म्हणून प्रवेश निभावून नेला. सगळे पोट धरधरून हसले. मग माझा मित्र म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं मी या घरी जेवतोय. तुमचे मला तीनच शब्द ठाऊक होते. आमटी, भात, ताक."

मीही हसलो. रात्री मात्र ते हसू टिकलं नाही. नायकाची गोष्ट मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली होती.

त्या रात्री एक आणखी गोष्ट आठवली. चीजच्या भांड्याच्या तळाला खरपूस चकती धरते. स्वित्झर्लंडमध्ये तिचा मोठा मान. जोगीण अशा अर्थाचं तिला नाव आहे आणि ती सगळे वाटून खातात. आमच्याकडे पिठल्याच्या कढईला अशीच खरवड धरायची. ती आई खायची, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, एकटी. "मला आवडते," म्हणायची. आवडत असेलही. तिच्यापुढे दुसरं काही ठेवून आम्ही कधी विचारलं नाही.

मग पुरणपोळीवर बहिष्कार घालायचा का? दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात मी हिला म्हणालो, "यापुढे पाहुण्यांसाठी राबणं बंद!" ती म्हणाली, "हे तुम्ही कोण ठरवणार? पुरणपोळी करायला मला आवडतं. करावीच लागते, हे आवडत नाही." मोठमोठ्या ग्रंथांनी कर्तव्य आणि प्रेम यांचा घोळ घातला आहे. तो हिनं दोन वाक्यांत सोडवला आणि मला चीजचं भांडं घासायला दिलं. पाहुण्याला देव मानावं हे खरंच. पण देवाला नैवेद्य दाखवणाऱ्यानं उपाशी उभं राहावं, अशी अट देवानं घातलेली नाही. ती, मला वाटतं, आधीच जेवून उठलेल्यांनी घातली असावी.

पंधरा दिवसांनी दंडाचं जेवण झालं. मित्राच्या घरी पुरीचा बेत होता. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "वहिनी, तुम्हीही बसा ना!"

आणि वहिनी बसल्या.

पानातली पुरी संपली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठलो, आत गेलो, पुऱ्या तळून आणल्या. पहिल्या दोन करपल्या होत्या.

"मला आवडतात," मी म्हणालो, आणि त्या माझ्याच पानात वाढून घेतल्या.